मी एस्तेरला क्षमा केली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, आणि — हसू नका — देवालाही नीट सांगितलेलं नाही. त्याला सगळं माहीत असतं, या भरवशावर त्याच्यापुढे आपण बरंच गुळमुळीत बोलून भागवतो. एका बाईला मात्र सांगितलं, अगदी अलीकडे. तिला सांगून झाल्यावरच तुम्हाला सांगते आहे. आधी तुम्हाला सांगितलं असतं तर पुन्हा तोच गुन्हा झाला असता. कसा, ते पुढे येईलच. नावं बदलली आहेत. माझं सोडून — मी सरोज.

आम्ही जालन्याचे. आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. कुणी एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर, कुणी रोलिंग मिलमध्ये, कुणी दवाखान्यात. मी बालवाडीत शिकवायची. दर बुधवारी दुपारी आमच्या बायकांची प्रार्थनासभा असते, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. एक गीत होतं, शास्त्रातला एक भाग वाचला जातो, कुणीतरी त्यावर शिकवतं. मग प्रत्येक जण आपला विषय सांगते — कुणाची शुगर, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाच्या नवऱ्याची नोकरी. शेवटी सगळ्या डोळे मिटतात आणि एक जण मोठ्याने प्रार्थना करते. ही शेवटची प्रार्थना बहुतेक वेळा माझ्याकडे असायची. का, तर मला बोलता येतं. लहान पोरांपुढे जन्म गेला, आवाज चांगला, शब्द कधी अडत नाहीत. बायका म्हणायच्या, सरोजताईंनी प्रार्थना केली की कसं बरं वाटतं. मलाही बरं वाटायचं. फारच बरं वाटायचं.

एस्तेर माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो. तिचा नवरा लवकर गेला. शिवणकाम करून तिनं एकुलता एक मुलगा वाढवला — अजय. माझे सगळे ब्लाउज तिनंच शिवले आहेत आणि मी जाड होत गेले तशी न बोलता बाजूला कापड सोडत गेली. यापेक्षा जवळची मैत्री कशी असते, मला ठाऊक नाही.

तर — त्या दिवसांत मी भांडणावर शिकवत होते. येशूनं त्याबद्दल अगदी पायरीपायरीनं सांगितलं आहे. कुणी तुझ्याशी चुकीचं वागलं, तर आधी एकटी तिच्याकडे जा. दोघींतच बोल. तिनं ऐकलं तर तुझी बहीण तुला परत मिळाली. नाही ऐकलं तर एकदोघींना बरोबर ने. मंडळीपुढे न्यायचं ते सगळ्यात शेवटी. मी हे नळावरच्या भांडणाची, जावाजावांची उदाहरणं देऊन इतकं रंगवून सांगितलं की बायका माना डोलावत होत्या. एस्तेर सगळ्यात जास्त.

त्याच सभेत वाचन कविताला दिलं होतं. नवी सून, नवरा मिलमध्ये, शाळा अर्ध्यात सुटलेली. जोडाक्षर आलं की पोरगी अडायची. ती अशी अडत अडत चालली होती, आणि मी म्हणाले, "अगं, येशू परत यायच्या आत संपव बाई." सगळ्या हसल्या. कविताही हसली. मग तिनं पुस्तक शेजारणीच्या मांडीवर ठेवलं. पुढच्या बुधवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं असेल का काही? खरं सांगू, माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

लक्षात आलं एस्तेरच्या. एका सकाळी ती माझ्याकडे आली. हातात कुणाचं कापड नव्हतं, म्हणजे मुद्दाम आलेली. बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "सरोज, वाईट वाटून घेऊ नको. कविता तुझ्यामुळं येत न्हाई. तू तिला सगळ्यांत हसलीस. एकदा तिच्याकडं जाऊन ये. पाहिजे तर मी येते संगं."

बस, एवढंच. कुणाला न सांगता, एकटी येऊन, माझ्या तोंडावर, आवाज न चढवता. मी शिकवलं होतं अगदी तसं. माझाच धडा माझ्या घरी येऊन खुर्चीत बसला होता आणि मला तो बिलकुल आवडला नाही. मी म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." चहा केला. तिला आवडतो तसा गोड केला. ती मोकळी होऊन गेली. आणि मी कपबशा विसळताना — ती खोटं बोलली असती तर मी इतकी पेटले नसते. ही मला शिकवणार? जिच्या घरात सून टिकली नाही, ती?

हे शेवटचं वाक्य मनात आलं ना, तिथं सगळं सुरू झालं.

कारण ते फक्त मला माहीत होतं. अजयची बायको शीतल — तिचं माहेर हसनाबादकडचं — भांडून निघून गेली होती. गल्लीत सांगितलं होतं की तिच्या आईला बरं नाही. खरं काय ते एस्तेरनं माझ्या ओट्यावर बसून, रडून, मला सांगितलं होतं. मग अजय तिकडे गेला, बायकोपुढे नमला, दोघांचं जुळत आलं. शीतल महिनाअखेरीस यायला तयार झाली. तिची एकच अट होती — कुणाला कळायला नको. कुणी विचारायचं नाही, कुणी समजूत घालायची नाही, जशी गेली तशी ती परत येणार. एस्तेर मला म्हणाली होती, "सरोज, तुझ्याजवळच ठेव." मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हणाले होते.

तुम्ही कधी विचार केला आहे का, की प्रार्थनेला कुणी उलट उत्तर देत नाही? भांडणात समोरची दोन शब्द तरी बोलते. चहाडी केली तर कुणीतरी म्हणतं, जाऊ द्या ना ताई, आपल्याला काय करायचं. पण डोळे मिटून, हात जोडून, गळा भरून बोललेल्या गोष्टीला सगळ्या मिळून आमेन म्हणतात.

त्या बुधवारी सभा एस्तेरच्याच घरी होती. मी प्रार्थनेला सुरुवात केली. आजाऱ्यांची नावं घेतली, परीक्षांची घेतली. मग मी म्हणाले, हे दयाळू पित्या, या घरावर तुझा हात ठेव. आमच्या एस्तेर बहिणीची सून घर सोडून गेली आहे, अजय एकटा पडला आहे, ही माउली आतल्या आत झुरते आहे. तिची सून परत आण. आणि प्रभू, दुसऱ्यांच्या चुकांआधी आपल्या घरात काय चाललं आहे ते बघायची आम्हा सगळ्यांना बुद्धी दे.

आम्हा सगळ्यांना म्हणाले. तेवढी हुशारी होतीच.

हे तोंडातून निसटलं नव्हतं. नंतर सगळ्यांनी तसंच धरलं — सरोजताईंना भरून आलं, बोलून गेल्या. नाही. मी ते घरून जुळवून आणलं होतं. शब्द न् शब्द. पोळ्या लाटताना जुळवलं होतं. आणि आता जे सांगते ते सांगायलाच इतका फेरा घेतला — प्रार्थना करता करता मी डोळे उघडले. सगळ्या बायका डोळे मिटून बसल्या होत्या आणि देवाशी बोलता बोलता मी एस्तेरचं तोंड बघत होते. लागलं का ते बघत होते. तिचे डोळे मिटलेलेच होते. जोडलेल्या हातांची बोटं तिनं इतकी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. मग मी आमेन म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर तीही म्हणाली. मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं — त्या क्षणी मला बरं वाटलं.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून बायका एस्तेरकडे जायला लागल्या. मायेनंच जात होत्या. आम्हीही प्रार्थना करतो म्हणाल्या, नेमकं काय झालं ते सांगा म्हणाल्या. एकीची मावशी हसनाबादला, तिनं शीतलच्या आईला फोन करून धीर दिला. तुमच्या लेकीसाठी जालन्यात किती जणी प्रार्थना करून राह्यल्यात, म्हणाली. शीतलनं निरोप पाठवला, मी त्या गल्लीत आता पाय ठेवणार नाही. अजयनं बियाण्याच्या प्लांटवरची नोकरी सोडली आणि बायकोला घेऊन पुण्याला गेला. संसार वाचला. एस्तेर एकटी राहिली.

आणि मंडळीत काय झालं माहीत आहे? संसार वाचला ना, मग माझी प्रार्थना फळाला आली. मला साक्ष द्यायला उभं केलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. मी उभी राहिले. मी सांगितलं. लोकांनी डोळे पुसले.

या सगळ्यात एस्तेर माझ्याशी बोलत नव्हती. भांडली नाही, फक्त बोलत नव्हती. मग प्रभुभोजनाचा रविवार आला. त्या दिवशी भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी पाळक आठवण करून देतात — कुणाबद्दल मनात काही असेल तर आधी जा, मिटवा, मग या. बहुतेक जण खाली मान घालून बसून राहतात. त्या दिवशी एस्तेर बाकावरून उठली आणि सगळ्यांसमोर चालत माझ्याकडे आली. माझ्याजवळ वाकली. म्हणाली, "माझ्या मनात तुझ्याबद्दल लई राग व्हता, सरोज. तू मायेनं प्रार्थना केली अन् मी वाकडं धरलं. मला माफ कर."

तिथं, त्या बाकावर, मला सगळं सांगता आलं असतं. फार शब्द लागले नसते. उलट उठून तिचे पाय धरता आले असते. मी काय केलं? मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वेडी आहेस का? मी तुला कधीच क्षमा केली."

मग मी भाकर खाल्ली, द्राक्षरस प्यायले. घशात अडकलं, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही अडकलं.

त्यानंतर आमची मैत्री पहिल्यासारखी झाली. नव्हे, पहिल्याहून जास्त, कारण आता तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पुढे अजयला मुलगा झाला, त्याला घेऊन तो एखाद्या नाताळला यायचा. शीतल कधी आली नाही. नातू एकदा आला तेव्हा रांगत होता, एकदा आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलेली. मधलं सगळं एस्तेरनं फोनवर पाहिलं. बुधवारी विषय सांगताना ती दर वेळी म्हणायची, "पुण्याच्या पोरांसाठी, अन् प्रार्थना सरोजनं करावी." आणि मी करायची. डोळे घट्ट मिटून करायची. कविताचं म्हणाल तर तिच्याकडे मी आजतागायत गेलेली नाही. ती कुटुंबासकट दुसरीकडे उपासनेला जायला लागली. तिच्याबद्दलही आता काही बोलायचा मला हक्क नाही.

इतकी वर्षं हे कसं पोटात राहिलं, असं तुम्ही विचाराल. सोपं असतं हो. कुणी विचारतच नाही. उलट क्षमेवर शिकवायचं असलं की मलाच बोलावतात.

या वर्षी नवे पाळक आले. त्यांची बायको वयानं लहान, उत्साही. तिनं मंडळीतल्या तरुण पोरींसाठी एक सभा ठेवली — भांडण झालं तर ख्रिस्ती माणसानं कसं वागावं. शिकवायला मी होते. मी त्याच पायऱ्या शिकवल्या. आधी एकटी जा. माझं झाल्यावर तिनं विचारलं, कुणाला स्वतःचा अनुभव सांगायचा आहे का? आणि माझ्यासोबत आलेली एस्तेर उभी राहिली.

गुडघे दुखतात तिचे, खुर्चीला धरून उभी राहिली. पोरींना म्हणाली, "मी एकदा हिच्यावर खोटा राग धरला. हिनं माझ्या लेकराच्या संसारासाठी देवाला हाक मारली अन् मी मनात विष ठेवलं. पन मी माफी मागायला गेले तर हिनं एक शब्द वाढवला न्हाई. माफ करावं तर असं."

पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे, अशा नजरेनं. मी खाली बघितलं तर त्यांना तोही नम्रपणा वाटला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस्तेरकडे गेले. एकटी. ती मशीनवर बसली होती. मी पलंगावर बसले आणि जुळवून काही आणलं नव्हतं, म्हणून फार वाईट बोलले. अडत अडत बोलले. सगळं सांगितलं — तू कवितासाठी आलीस म्हणून चिडले होते, मुद्दाम केलं, घरून ठरवून केलं, डोळे उघडून तुझं तोंड पाहिलं. तिनं मशीन थांबवलं. कापडातली सुई वर घेतली.

मग म्हणाली, "मंग तू मला माफ केलं ते काय व्हतं?"

मी पलंगावरची चादर सारखी करायला लागले.

"ती माफी तुझी तू परत घे, सरोज. मी काहीच केलं नव्हतं."

"घेतली," मी म्हणाले.

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "शीतल मला तवाच म्हणत होती. सरोजमावशीनं मुद्दाम केलं म्हणत होती. मी तिला बोल बोल बोलले. अशी बाई शोधून सापडायची न्हाई म्हणाले. तुझ्या मनात घाण हाये म्हणाले. म्हणून ती येत न्हाई, सरोज. गल्लीसाठी न्हाई. माझ्यासाठी येत न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की माझं पाप मला पूर्ण ठाऊक आहे, फक्त सांगायचं राहिलं आहे. पुरतं ठाऊकही नव्हतं. त्या पोरीनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि माझी बाजू घेऊन एस्तेरनं आपली सून गमावली होती.

एस्तेरनं मशीनवरचा फोन घेतला. मी उठायला लागले तर हातानं बस म्हणाली. पलीकडे फोन उचलल्याचं कळलं. ती म्हणाली, "शीतल, मी बोलून राह्यले. न्हाई, तब्येत बरी हाये. एक सांगायचंय. त्या वेळेला तू सरोजबद्दल जे म्हणत होतीस ते बराबर होतं. मी तुला खोटी पाडली. तुझ्या मनाला नावं ठेवली. माझं चुकलं, बाई. मला माफ कर."

एवढंच. ज्या बाईनं आपल्याला फसवलं ती समोर पलंगावर बसलेली असताना, मला फसवलं हो, असं ती एकदाही म्हणाली नाही. 'पण' नाही, 'मला काय माहीत' नाही. मी आयुष्यभर जे शिकवलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला, "हो, हो गं," म्हणाली, आणि फोन ठेवला. मला म्हणाली, "जा आता. मला हा ब्लाउज द्यायचाय."

मी दारापर्यंत गेले. मला माफ कर, हे शब्द तोंडात आले होते. पण तिच्याकडून आणखी काय काय मागायचं? मी विचारलं, "बायांना सांगू का मी हे?" ती म्हणाली, "तुझं तू बघ. शीतलचं नाव मात्र घेऊ नको." आणि मशीन सुरू केलं.

म्हणून लिहिते आहे. सभेत उभी राहून सांगितलं तर माझी जीभ त्यातूनही माझीच बाजू घेईल, तिची मला चांगली ओळख आहे. त्या पोरींना एस्तेरनं जे सांगितलं ते खोटं होतं. ते खोटं तिचं नाही, माझं आहे.

परवाच्या बुधवारी एस्तेर सभेला आली. माझ्यापासून दोन जणी सोडून बसली. शेवटी पाळकांची बायको सवयीनं माझ्याकडे वळली. मी म्हणाले, आज एस्तेरला करू द्या. एस्तेरनं हात जोडले. तिच्या हातात सगळं होतं, आणि सगळ्या डोळे मिटून ऐकत होत्या. तिनं आजाऱ्यांची नावं घेतली. परीक्षेला बसलेल्या पोरांची घेतली. अजयचं घेतलं, शीतलचं घेतलं, नातवाचं घेतलं. माझं नाव तिनं घेतलं नाही.